हावगेप्पा मास्तरांचे चौऱ्याण्णव

हावगेप्पा मास्तरांना नव्वदीच्या पुढचे मार्क आयुष्यात एकदाच पडले, तेही पोलिसांकडून, आणि ज्या विषयात ते जन्मापासून कच्चे होते नेमके त्याच विषयात.

मेसेज आला तेव्हा मास्तर जेवायला बसले होते. भाकरीचा पहिला तुकडा शेंगांच्या चटणीला लावला आणि मोबाईल वाजला. हुमनाबाद रस्त्यावरचा चिंचेचा फाटा, वेगमर्यादा पन्नास, आपल्या वाहनाचा वेग चौऱ्याण्णव. खाली फोटो. फोटोत मास्तरांची स्कूटर, स्कूटरवर मास्तर, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत टोपी. नाही म्हणायला कुठेही जागा नव्हती. मास्तरांनी मेसेज तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि भाकरी ताटात तशीच ठेवून उभे राहिले. राग आला की मास्तर उभे राहतात. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवल्याचा तो परिणाम आहे.

आता ही स्कूटर काय चीज आहे ते सांगायला हवं. ती मास्तरांनी मुलगी पोटात असताना घेतली, आणि त्या मुलीची मुलगी आता नौबादला शाळेत जाते. स्कूटरच्या काट्याने केव्हाच मान टाकली आहे, पण मास्तरांना काट्याची गरज पडत नाही. वेग चाळीसच्या पुढे गेला की पुढचा मडगार्ड थरथरून गायला लागतो. मडगार्ड गायला लागला की मास्तर मूठ सैल करतात. "चाळीस हा माणसाचा वेग. त्याच्या पुढचा राक्षसाचा," हे वाक्य आमच्या राजेश्वर गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या तासाला बाकावर उभं राहून ऐकलं आहे. सायकलवाली पोरं मास्तरांना ओलांडून जाताना वळून नमस्कार करतात. अशा माणसाला चौऱ्याण्णव!

"अगं, हे बघ काय लिहिलंय या हरामखोरांनी!" मास्तर ओरडले.

उमादेवी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आकडा वाचला. मग मोबाईल खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठं चाललावता एवढं पळवत?"

"मी? मी पळवत? अगं, चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवायला हुमनाबादला गेलो होतो."

"चष्म्याच्या काडीसाठी चौऱ्याण्णव," उमादेवी म्हणाल्या, "आन माझ्या अण्णासाठी चाळीस."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. मास्तर उभे होते ते मटकन खाली बसले.

तीन वर्षांपूर्वी उमादेवींचे थोरले भाऊ संगमेश्वर अण्णा बीदरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. निरोप आला तेव्हा बस नुकतीच निघून गेली होती, म्हणून दोघं स्कूटरवर निघाले. हुमनाबाद सोडल्यावर उमादेवी मागून म्हणाल्या होत्या, "जरा पळवा की." मास्तर म्हणाले होते, "चाळीसच्या पुढं जिवाला धोका असतो." ते दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते तेव्हा वरून रडण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून आजपर्यंत उमादेवींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मास्तरांना वाटत होतं, विसरली. बायको विसरली असं वाटणं ही पुरुषजातीची सर्वांत जुनी चूक आहे आणि तिला कुठलंच मशीन पकडत नाही.

"अगं, मी चौऱ्याण्णवने गेलोच नाही!" मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगितलं.

"मशीन कशाला खोटं बोलंल?" आतून आवाज आला. "तुम्हीच म्हणलाव की माईकवर."

हे खरं होतं, आणि मास्तरांच्या जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताहात त्या मशीनीचं उद्घाटन झालं. फाट्यावर पत्र्याची शेड, शेडमध्ये तिपाईवर मशीन, मशीनीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आभार मानायला मास्तरांना उभं केलं. आभार मानणाऱ्याने आभार मानून खाली बसावं. पण मास्तरांच्या हातात माईक आला की सोडवून घ्यावा लागतो. "माणूस खोटं बोलतो, यंत्र कधी खोटं बोलत नाही!" असं त्यांनी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मास्तरांचं भान सुटतं. शेडवरचे शरणबसव हवालदार सहज म्हणाले, "उन्हाळ्यात हे तापतंय म्हणं, तापलं की बंद पडतंय." झालं. मास्तरांनी तिथल्या तिथे वडिलांच्या नावाने एक स्टँडचा पंखा जाहीर केला.

आमच्या भागात देणगी गुप्त राहत नाही. देवळातली घंटा, बसस्टँडवरचं बाकडं, शाळेतला माठ, सगळ्यांवर देणाऱ्याचं किंवा देणाऱ्याच्या बापाचं नाव असतंच. मास्तरांनी बसवजयंतीला पंखा दिला तेव्हा पेंटरकडून तीन पात्यांवर लाल रंगात लिहून घेतलं: एका पात्यावर 'लिंगैक्य', म्हणजे आमच्याकडचं कैलासवासी, दुसऱ्यावर 'बसवंतप्पा', तिसऱ्यावर 'स्मरणार्थ'. उमादेवींनी तेव्हाच विचारलं होतं, "पंखा फिरायला लागल्यावर वाचंल कोण?" मास्तर म्हणाले, "करंट गेल्यावर वाचतील." आपल्या तालुक्याच्या विजेचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे.

असो. तर ज्या मशीनीला मास्तरांनी फुलं वाहिली, वारा घातला, त्या मशीनीने त्यांच्यावरच फणा काढला होता. गाव म्हणतं, पेराल तसं उगवतं. मास्तरांनी काय पेरलं होतं म्हणून हे उगवलं, याचा विचार करून त्यांचं डोकं तापलं.

संध्याकाळपर्यंत सल्ले यायला लागले. पहिला सल्ला विम्याचे एजंट योगीराज यांचा. ते शेजारीच राहतात, आणि कुठल्याही घरात दुःख झालं की चपला न घालता पोचतात.

"मास्तर, सोपं हाय. गाडी चोरीला गेलती म्हणून लिवून द्या."

"फोटोत मी बसलोय, योगीराज."

"मग पेशंटला न्यायलतो म्हणा."

"मागची सीट रिकामी आहे."

"मग तुम्हीच पेशंट म्हणा," योगीराज म्हणाले. "शुगर, बीपी. तुमच्या वयाला शोभतंय. जाता जाता सांगतो, आरोग्याची एक नवी पॉलिसी आलीय."

मास्तरांनी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी दूधवाला आला. त्याच्या मोपेडला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकलेले असतात, आणि चढ लागला की तो उतरून मोपेडला ढकलत नेतो. पिराजी मास्तरांकडे इतक्या आदराने बघत होता की मास्तरांना शंका आली.

"मास्तर, तुमाला बी चौऱ्याण्णव पडलं म्हणं! मला बी चौऱ्याण्णवच पडलंय की!"

"तुला? या गाडीवर?"

"व्हय! मागच्या आठवड्यात. भरून टाकलो. आन कागद कॅनवर चिकटवलो बगा." खरंच, कॅनवर प्लास्टिकच्या पिशवीत दंडाचा कागद चिकटवलेला होता. "गिऱ्हाइकं म्हणायलेत, पिराजीचं दूध ताजं असतंय, चौऱ्याण्णवनं येतंय."

"पिराजी, अरे ही गाडी चौऱ्याण्णवने जाते का?"

"डोंगरावरनं ढकलली तरी जात न्हाई, मास्तर."

"मग तू भरलंस कशाला?"

"फोटो हाय की!" पिराजी म्हणाला. "आन मशीन कशाला खोटं बोलंल? तुम्हीच म्हणलाव की माईकवर."

मास्तरांनी त्या दिवशी दूध घेतलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली: स्कूटरलाही चौऱ्याण्णव आणि मोपेडलाही चौऱ्याण्णव, कमी नाही, जास्त नाही. या मुद्द्यावर आपण ऑफिस हलवून सोडू अशी त्यांची खात्री झाली. ज्यांनी कधी ऑफिस हलवून पाहिलेलं नाही त्यांची अशी खात्री फार लवकर होते.

ऑफिस जिल्ह्याच्या गावी होतं. कोणतं ते इथे सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीची रुसतील. घरातून निघताना मास्तरांनी सवयीने स्कूटरची मागची सीट फडक्याने पुसली आणि उमादेवींकडे पाहिलं. मुलीचं नौबाद तिथून जवळच, म्हणून त्या अशा वेळी हटकून सोबत निघतात.

"मी न्हाई बसणार," उमादेवी म्हणाल्या. "चौऱ्याण्णवला माझ्या जिवाला धोका असतो."

मास्तर बसने गेले. सगळ्या वाटेत ते खिडकीबाहेर बघून मनातल्या मनात शिव्या देत होते, पोलिसांना, मशीनला, पिराजीला आणि थोड्या स्वतःला.

ऑफिसच्या खिडकीपलीकडे भुवनेश्वरी मॅडम बसल्या होत्या. बाई स्वभावाने वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

"तक्रारीचं कारण सांगा," मॅडम कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या.

"मशीन खोटं बोलतंय."

"तसलं कारण हितं येत न्हाई, सर. गाडी विकली, गाडी चोरीला गेली, नंबर माझा न्हाई, मालक मयत. ह्यातलं एक निवडा."

"यातलं एकही खरं नाही."

"मयत टाकू का?" मॅडमनी आपुलकीने विचारलं. "मयतचं लगेच रद्द होतंय. बाकीच्याला महिने लागतात."

"अहो, मी जिवंत आहे!" मास्तर एवढ्या जोरात म्हणाले की रांगेतल्या माणसांनी वळून खात्री करून घेतली.

"मग अवघड हाय," मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी आपला हुकमी मुद्दा बाहेर काढला. स्कूटर आणि मोपेड, दोघांचाही वेग चौऱ्याण्णव कसा? मॅडमनी कॉम्प्युटरवर बटणं दाबली आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोघांचाच न्हाई, सर. त्या फाट्यावर लई जणांचं चौऱ्याण्णव हाय. म्हणजे तिथं सगळेच चौऱ्याण्णवनं जायलेत. बेशिस्त लोक."

मास्तर खिडकीवर वाकले. हे मशीन तपासलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी प्रमाणपत्र दाखवलं. मशीन एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत, बंद खोलीत तपासलेलं होतं आणि तिथे ते अगदी खरं बोललं होतं.

"आणि फाट्यावर? फाट्यावर कुणी तपासलं?"

"फाट्यावर तपासायचं मशीन येगळं असतं, सर. ते अजून आलं न्हाई."

"बाजारात दोन किलो कांदे तोलणाऱ्या माणसाच्या काट्यालासुद्धा दरवर्षी शिक्का मारावा लागतो!" मास्तर गरजले. "शिक्का नसेल तर तुम्ही त्याचा काटा उचलून नेता! आणि माणसाची अब्रू तोलणारा काटा बंद खोलीत एकदा तपासला की झालं? मी माझ्या बायकोला काय सांगू?"

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं; ते रागाच्या भरात निसटलं. आतून साहेब बाहेर आले. साहेब तरुण होते, थकलेले होते आणि त्यांना जेवायला जायचं होतं. ते कन्नडमधून म्हणाले, "मास्तर, ओरडू नका. गुरुवारी मी त्याच फाट्यावर येतो. तुमच्यासमोर, तुमच्याच गाडीवर मोजू. बरोबर निघालं तर गपचूप दंड भरायचा. कबूल?"

"कबूल!" मास्तर म्हणाले. ते इतके खूश झाले की परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरलासुद्धा सगळी हकिकत सांगितली.

गुरुवारी चिंचेच्या फाट्यावर जत्रा भरली. योगीराज पॉलिसीच्या पिशवीसकट आले. पिराजी दोन्ही कॅन घेऊन आला. उमादेवी आल्या, पण स्कूटरवर नाही. शेजारच्या चांगुणाबाईंना घेऊन रिक्षाने आल्या आणि रिक्षातच बसून राहिल्या. मास्तरांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली होती. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

साहेब आले, मशीनीमागे उभे राहिले. शरणबसव हवालदार अदबीने म्हणाले, "साहेब, आताच लाईट गेली. पण मशीनीला काय फरक न्हाई, ते बॅटरीवर चालतंय."

मास्तर स्कूटर घेऊन लांब गेले, वळले आणि निघाले. मडगार्ड गायच्या बेताला आला तशी मूठ सैल केली आणि ताठ मानेने शेडसमोरून गेले. मशीन वाजलं. अडतीस.

"पुन्हा!" मास्तर म्हणाले. पुन्हा अडतीस. तिसऱ्यांदा एकोणचाळीस.

"बघा," साहेब घाम पुसत म्हणाले, "अडतीसला अडतीस दाखवतं. एकोणचाळीसला एकोणचाळीस. मशीन एकदम बरोबर आहे. म्हणजे त्या दिवशीचंही बरोबर होतं."

आपण सापळा लावायला आलो आणि आपलीच शेपटी त्यात अडकली, हे मास्तरांना कळलं. मशीन खरं आहे हे त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्कूटरने, साऱ्या गावासमोर सिद्ध करून दिलं होतं. विज्ञानाच्या मास्तरला याच्यापेक्षा वाईट मरण नाही.

"मास्तर, आज कामून एवढं हळू चालवलाव?" पिराजीने कळवळून विचारलं.

मास्तरांनी रिक्षाकडे पाहिलं. उमादेवींनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

आणि मग मास्तरांचा जो बांध फुटला तो फुटलाच. त्यांनी स्कूटर ओढत शेडच्या अगदी समोर आणली, स्टँडवर लावली, तिच्यावर चढून बसले आणि हाताची घडी घातली. "मी इथून उठणार नाही! मशीन खोटं आहे असं लिहून दिल्याशिवाय उठणार नाही! दंड घ्या, लायसन घ्या, स्कूटर जप्त करा, मला जप्त करा! पण मी चौऱ्याण्णवने गेलो नाही, गेलो नाही, गेलो नाही! माझ्या बायकोचा भाऊ मरायला टेकला होता तेव्हा गेलो नाही, आणि चष्म्याच्या काडीसाठी जाईन?"

योगीराजांनीसुद्धा पिशवी पाठीमागे लपवली. तेवढ्यात लाईट आली. शेडमधला बल्ब पेटला, शेजारच्या हॉटेलातला रेडिओ मधूनच गायला लागला आणि स्टँडचा पंखा घरघरत फिरू लागला.

मशीन वाजलं.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. मशीन पुन्हा वाजलं.

"साहेब," हवालदार घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर बसल्या जागी चौऱ्याण्णवनं जायलेत."

सगळे धावत शेडमध्ये आले. पडद्यावर मास्तर स्टँडवरच्या स्कूटरवर हाताची घडी घालून बसले होते आणि खाली लाल आकडा चमकत होता. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने साहेबांच्या हातातला कागद उडाला. "तो पंखा बंद करा आधी!" साहेब ओरडले. हवालदारांनी बटण दाबलं. मशीन गप्प झालं. कागद सापडल्यावर हवालदारांनी पंखा परत लावला. मशीन वाजलं, चौऱ्याण्णव. शिकलेली माणसं कारणं शोधायला लागली. कुणी म्हणालं बॅटरी, कुणी म्हणालं ऊन. योगीराज म्हणाले करणी.

उमादेवी रिक्षातून उतरून केव्हा आल्या कुणालाच कळलं नाही. त्यांनी पुढे होऊन पंख्याचं बटण बंद केलं. पाती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि जाळीच्या आत लाल अक्षरं एकेक करून दिसू लागली. लिंगैक्य. बसवंतप्पा. स्मरणार्थ.

"गाडी न्हाई, साहेब, पंखा मोजायलंय ते," उमादेवी म्हणाल्या. "आमच्या मामंजींचा."

पंखा मशीनीच्या अगदी तोंडापुढे, जरासा बाजूला उभा होता. त्याची पाती गरगरत होती आणि मशीन बिचारं इमानाने त्यांचाच वेग मोजून, जो समोर दिसेल त्याच्या माथी मारत होतं.

"पंखा मशीनीच्या तोंडापुढं कुणी ठेवला?" साहेबांनी दात खात विचारलं.

हवालदारांनी मान खाली घातली. "म्या मागं ठेवलतो, साहेब. पण मास्तर म्हणले, पुढं ठेव. नाव रस्त्यावरनं दिसलं पाहिजे म्हणले."

आता राग कुणावर काढायचा? मास्तर स्कूटरवर बसल्या जागी ओठ चावत होते. त्यांच्या अप्पांनी आयुष्यभर बैलगाडीसुद्धा दुडक्या चालीने नेली, पुढच्या गाडीची धूळ खाल्ली पण बैलाला कधी चाबूक दाखवला नाही. त्या माणसाच्या नावाने निम्मा तालुका चौऱ्याण्णवने पळत होता. मास्तरांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं, आणि ते उन्हाचं आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"माझं चौऱ्याण्णव रद्द करा," ते म्हणाले.

"करतो ना," साहेब म्हणाले. "पण कारण काय टाकू? यादीत पंखा नाही." मग त्यांना आठवलं. "मयत टाकता येईल. नाहीतरी पंखा मयत माणसाच्याच नावाचा आहे."

मास्तर जे बोलले ते कन्नडमध्ये होतं आणि ते छापता येणार नाही. पिराजीने मात्र हात जोडले. "साहेब, माझं रद्द करू नका. गिऱ्हाइकं तुटतील."

पंखा मास्तरांना परत देण्यात आला. सरकारी यंत्राशी त्याचा संबंध नाही असं हवालदारांनी लेखी घेतलं. मास्तरांनी तो स्कूटरच्या पुढच्या फळीवर, दोन पायांच्या मध्ये उभा केला. तेवढ्यात मागची सीट दबली. उमादेवी बसल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही गेलावच न्हाई," त्या म्हणाल्या.

"सांगत होतो की," मास्तर विजयी स्वरात म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगत होतो. चाळीसच्या पुढं मी जन्मात गेलो नाही."

"व्हय," उमादेवी म्हणाल्या. "जन्मात न्हाई गेलाव."

मास्तरांचा विजय तिथेच संपला. इतके दिवस त्यांनी ऑफिसं पालथी घातली, आरडाओरडा केला, भर उन्हात तमाशा केला, आणि सिद्ध काय केलं? हा माणूस कुणासाठीही चाळीसच्या पुढे जात नाही, एवढंच. आणि ते ज्या एका माणसाला पटवायचं होतं, तिला तीन वर्षांपासून ठाऊक होतं.

त्यांनी किकवर ठेवलेला पाय काढला. मग विचारलं, "घरी जायचं?"

"वैनीकडं चला. बीदरला. अण्णाच्या घरी गेलो न्हाव लई दिवस."

मास्तरांनी स्कूटर चालू केली. वहिनींकडे चहा झाला, अण्णांच्या फोटोसमोर दोघं थोडा वेळ बसले, आणि परत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. हुमनाबाद मागे पडलं. रस्ता मोकळा होता. मागून एक हात मास्तरांच्या खांद्यावर आला.

"जरा पळवा की," उमादेवी म्हणाल्या.

मास्तरांनी मूठ पिळली. मडगार्ड गायला लागला. मास्तरांनी मूठ सैल केली नाही. मडगार्ड बोंबलायला लागला, पंख्याची पाती वाऱ्याने आपोआप फिरायला लागली, मास्तरांच्या हेल्मेटमधल्या टोपीने कान सोडले, आणि ते तसेच चिंचेच्या फाट्यावरून पुढे गेले.

मेसेज दुसऱ्या दिवशी जेवतानाच आला. चिंचेचा फाटा, मर्यादा पन्नास, वेग अठ्ठावन्न. समोर पंखा नसल्यामुळे मशीन आता खरं बोलत होतं, आणि खरं बोलायला लागल्यावर त्याने पहिलं धरलं ते मास्तरांनाच. फोटोत मास्तर होते, पंखा होता, उमादेवींचा उडालेला पदर होता आणि त्यांचा हात मास्तरांच्या खांद्यावर होता. जुनं चौऱ्याण्णव अजून यादीतलं कारण शोधत पडलं आहे. हे अठ्ठावन्न मात्र मास्तरांनी त्याच दुपारी हुं की चूं न करता भरून टाकलं.

त्याआधी त्यांनी मोबाईल उमादेवींपुढे धरला. उमादेवींनी फोटो बोटांनी मोठा केला, कितीतरी वेळ बघितला, मग खालचा आकडा वाचला आणि मान हलवली.

"अठ्ठावन्न? कायबी सांगायलंय. सत्तरच्या खाली नव्हतं," त्या म्हणाल्या. "मशीन खोटं बोलायलंय बगा."